मातीची जागा

मागच्या खोलीत, लोकरीच्या जुन्या घोंगडीखाली, मातीची बादली असते. उन्हाळा सरता सरता तिचा तळ दिसायला लागला. आमच्या घरात ही मोठी बातमी होती, पण ती सांगायला मला कुणी नव्हतं. माझा नवरा डेलमर तेलविहिरींवर कामाला. वीस दिवस तिकडे, आठ दिवस घरी. फोन लागलाच तर म्हणायचा, "मातीच ना? मावशीला विचार." मावशींना विचारलं की त्या ओठ पुढे काढून दक्षिण दाखवायच्या. इथे, या मूळनिवासी वस्तीत, कुणी बोट करून दाखवत नाही, ओठांनीच दाखवतात. आणि दक्षिण केवढी मोठी! आमच्या दारातून बघितलं तर तीन तासांच्या वाटेवरचे डोंगरसुद्धा दिसतात, आणि मध्ये एक माणूस दिसत नाही.

युफेमिया मावशी म्हणजे डेलमरच्या सख्ख्या मावशी. त्याची आई लवकर गेली, वाढवलं यांनीच. त्यांना स्वतःचं मूल नाही. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, नजर मात्र अशी की घड्याच्या आतली भेग बाहेरून ओळखतील. त्यांच्या हातचं भांडं अंड्याच्या टरफलासारखं पातळ असतं. टिचकी मारली की वाजतं. मी आले उत्तरेकडच्या नदीकाठच्या दुसऱ्या मूळनिवासी गावातून. आमची भांडी काळी, जाड, घासून घासून आरशासारखी केलेली. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच मावशींनी माझ्या आईनं दिलेला काळा वाडगा हातात घेऊन तोलला होता.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कुत्र्यानं लाथ मारली तर कुत्राच लंगडेल."

मी हसले. नंतर खोलीत जाऊन रडले, आणि रडता रडता पुन्हा हसले, कारण वाक्य खरंच चांगलं होतं.

मावशींची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो, म्हणजे दोघी परक्याच घरी बसल्यासारख्या. माझी लेक कातेरी झाली तेव्हा मला वाटलं, आता मी इथली झाले. पण इथे कूळ आईकडून येतं, आणि माझं कूळ इथे नाही. माझ्या माहेरी मूल बापाच्या बाजूचं धरतात. म्हणजे माझी लेक दोन्ही गावांच्या मधल्या रस्त्यावरची. मावशी तिला मांडीवर घेऊन तासन् तास त्यांच्या भाषेत बोलतात, ती खिदळते, आणि मी माझ्याच पोटच्या पोरीकडे बघत कपड्यांच्या घड्या घालत असते.

म्हणून मला ती जागा हवी होती. माती कुठून काढतात, ती जागा. एका घरातल्या बायका ती दुसऱ्या घरातल्या बायकांना सांगत नाहीत. बहीण बहिणीला सांगते, आई लेकीला. ज्या बाईला जागा सांगितली, ती त्या घरची. मी दोन वर्षं मावशींची माती भिजवत होते, गाळत होते, पायांनी तिंबत होते. त्यांना आता खाली बसून तिंबता येत नाही. त्या खुर्चीवर बसून सांगायच्या, "टाच लाव, टाच. नाचतेस काय!" मी टाच लावायची. मनात म्हणायची, या हिवाळ्याआधी त्या मला घेऊन जातील. आणखी कुणाला नेणार? त्यांच्या कुळातली एकच मुलगी उरली आहे, डेलमरची मोठी बहीण आर्लेटा, आणि ती तिकडे शहरात दातांच्या दवाखान्यात काम करते. तिनं भांडं केलेलं कुणी पाहिलेलं नाही.

बादलीत जेवढी माती उरली होती, तेवढ्यात एक मोठा घडा झाला असता. मावशींनी ती त्यासाठीच राखून ठेवली होती. "हा शेवटचा मोठा," त्या म्हणायच्या. डेलमर म्हणतो, तो शाळेत होता तेव्हापासून त्या हेच म्हणतात.

चूक माझ्या हातून झाली ती त्या मातीत.

इथे मातीत जुन्या खापऱ्या दळून घालतात. फुटलेलं भांडं कुणी टाकत नाही. पाट्यावर घालून वरवंट्यानं पीठ होईस्तोवर वाटायचं, आणि ते नव्या मातीत मिसळायचं, म्हणजे भाजताना भांडं तडकत नाही. माझ्या माहेरी खापऱ्या नसतात, पांढरी राखेसारखी रेती असते. लग्न होऊन निघताना आईनं मला कॉफीच्या डब्यातून ती थोडी दिली होती. कशासाठी, तेही बोलली नाही. नुसता डबा हातात ठेवला. मी तो दोन वर्षं कपाटात ठेवला होता. कधीतरी झाकण उघडून वास घ्यायची. वास कसला, धुळीचाच.

त्या दुपारी कातेरीचे दात येत होते. तीन रात्री आम्ही कुणीच झोपलो नव्हतो. ती कशीबशी डोळे मिटून पडली, आणि मला खापऱ्या वाटायच्या होत्या. पाट्याचा आवाज सगळ्या घरात घुमतो. मी एकदा वरवंटा फिरवला, ती पाळण्यात चाळवली. दुसऱ्यांदा फिरवला, तिनं डोळे उघडले. मी थांबले. मावशी शेजारच्या चर्चमध्ये फुलं बदलायला गेल्या होत्या. मी कपाट उघडलं आणि डबा काढला.

आधी एकच मूठ घातली. मग हाताला जे लागलं, ते इतकं ओळखीचं होतं की मी दुसरी मूठ घातली, तिसरी घातली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या बोटांना कळत होतं, पुढे काय करायचं ते. मी कुणाला काही विचारत नव्हते. मी तिंबत होते आणि आईचं गाणं गुणगुणत होते आणि लेक झोपली होती. खोटं कशाला सांगू, त्या अर्ध्या तासाइतकी मी या घरात कधीच सुखी नव्हते.

दुसऱ्या दिवशी मावशी घडा लावायला बसल्या. बुडाला साच्याचं ताट, त्यावर मातीची पहिली वळी, मग दुसरी. तिसऱ्या वळीला त्यांचा हात थांबला. त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मी दाराशी कातेरीला भरवत होते. चमचा हवेतच राहिला.

मावशी बराच वेळ चाखत राहिल्या. मग रुमालात थुंकल्या.

"ही कुणाची माती आहे?"

"आपलीच, मावशी."

"आपली कडू असते. ही गोड आहे. काय घातलंस?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाट्याचा आवाज, दात, डबा. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पुन्हा वळ्या लावायला लागल्या. मला वाटलं, चालतंय. पण त्यांच्या बोटांना जितकं पातळ करायची सवय, तितकं ही माती सोसेना. पोट यायच्या जागी घडा एका बाजूनं बसला. आधी हळू, मग एकदम, दमलेल्या माणसासारखा. मावशींनी माती घासून पातळ करायचा भोपळ्याच्या कवचाचा तुकडा खाली ठेवला. हात पुसले.

"तुझ्या आईची रेती चांगली आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या मातीत."

मग त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. रागानं नव्हे. जेवायला वाढलं की जेवायच्या, मिरचीचा रस्सा जास्त तिखट झाला तर नाक ओढायच्या, कातेरीशी त्यांच्या भाषेत बोलायच्या. फक्त माझ्याशी बोलायला त्यांना काही सुचत नव्हतं, एवढंच. घरात दोन मोठ्या बायका आणि बोलणं फक्त नऊ महिन्यांच्या पोरीशी. मी तिलाच सांगायची, "मावशींना विचार, चहा हवा का?" कातेरी तोंडातून फुगा काढायची. मावशी म्हणायच्या, "तिला सांग, हवा."

पाचव्या दिवशी मी धीर केला.

"मावशी, माती संपली ती माझ्यामुळे. मी खणून आणते. तुम्ही गाडीत बसा, मी खणते, उचलते, सगळं करते. तुम्ही नुसतं दाखवा."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "तू रागावशील."

"नाही रागावणार."

"पोरी, तुला नेता आलं असतं तर मागच्याच वर्षी नेलं असतं. तुझे हात चांगले आहेत. पाय वाईट आहेत, पण हात चांगले. ती जागा माझी नाही. माझ्या आईनं मला दाखवली, तिला तिच्या आईनं. मी ती इकडेतिकडे देऊ शकत नाही. मी आर्लेटाला फोन केलाय. शनिवारी येते."

"आर्लेटाताई?" माझा आवाज जरा चढलाच. "तिला माती आणि पिठातला फरक तरी कळतो का?"

"नाही कळत," मावशी म्हणाल्या. "पण ती आमची आहे."

हे त्या सहज म्हणाल्या, दूध उतू जातंय असं सांगावं तसं. मी कातेरीला उचललं आणि बाहेर येऊन मातीच्या पावभट्टीच्या आडोशाला उभी राहिले. वारा होता. डोळ्यांत धूळ गेली, हे सांगायला सोयीचं होतं, पण विचारायलाच कुणी आलं नाही.

शनिवारी आर्लेटाताई आली. दारातच तिनं कातेरीचे पापे घेतले आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय गं भावजयबाई, वाळलीस किती! मावशी जेवायला देत नाही का?"

"देतात. मीच रांधते ना."

"मग बरोबर आहे." ती मोठ्यानं हसली. हातांची नखं जांभळी, लांब. मावशींनी ती बघितली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. ताईनं हात पाठीमागे लपवले, दहा वर्षांच्या मुलीसारखे.

गाडी मी चालवली. डांबरी रस्ता संपला, कच्चा लागला, मग दोन चाकोऱ्या राहिल्या. तास झाला. गुरांच्या हौदाशी पवनचक्की आहे, तिथे मावशी म्हणाल्या, "थांब." पुढचं काही त्यांना बोलावं लागलं नाही. मी उतरले. कातेरीला घेतलं, पाण्याची बाटली घेतली, घोंगडी घेतली. ताई स्टिअरिंगमागे सरकली. तिनं माझ्याकडे बघणं टाळलं. मावशींनी खिडकीतून कागदात बांधलेली रोटी आणि पिन्यॉनच्या, म्हणजे इथल्या चिलगोज्यांच्या, भाजलेल्या बिया दिल्या.

"त्या बाजूला तोंड करून बस," त्या म्हणाल्या आणि ओठांनी उत्तर दिशा दाखवली.

मी बसले. हौदाच्या भिंतीला टेकून, उत्तरेकडे तोंड करून. मागे गाडीचा आवाज लांब लांब गेला. कोरड्या दिवसांत इथे गाडी गेली की तिची धूळ अर्धा तास हवेत उभी असते. मी नुसती मान वळवली असती, तर गाडी कुठल्या घळीकडे वळली, कुठे थांबली, सगळं रेषेसारखं आखलेलं दिसलं असतं. मी मान वळवली नाही. कातेरी माझ्या खांद्यावर होती, तिचं तोंड दक्षिणेला. ती बघत होती. बराच वेळ बघत होती, आणि मधूनच "आं" म्हणत होती.

"काय दिसतं गं तुला?" मी विचारलं. "सांगू नकोस हं."

मग ती झोपली. पवनचक्कीचं एक पातं सैल होतं. प्रत्येक फेरीला कण्हायचं. दोन गायी आल्या, पाणी प्यायल्या, माझ्याकडे बघून गेल्या. मी बिया फोडून खाल्ल्या. सालींचा छोटा ढीग झाला. मला आईची आठवण आली, मग डेलमरची, मग कुणाचीच नाही. वाटलं, त्या आता खाली बसल्या असतील, मातीला मक्याच्या पिठाची चिमूट वाहिली असेल, जे म्हणायचं ते म्हणाल्या असतील, आणि ताईला त्यातलं अर्धंही आठवणार नाही. आणि मी, जिला आठवलं असतं, मी इथे गायी मोजतेय. दोनच होत्या.

तीन तासांनी गाडी आली. मागे चार पोती, दोन बादल्या, सगळं राखाडी. मावशी पुढच्या सीटवर मान टाकून झोपलेल्या, गुडघ्यांपर्यंत धुळीनं माखलेल्या. त्या स्वतः खाली उतरल्या होत्या तर. ताई हळूच दार उघडून बाहेर आली. केसांत माती, भुवयांत माती. तिनं हौदात दोन्ही हात बुडवले आणि दातांतून आवाज काढला. नखं तुटून बोटांना लागली होती.

"देवा रे," ती म्हणाली. "दगडासारखी असते. मला वाटलं, माती मऊ असते."

"भिजल्यावर होते."

ती माझ्याशेजारी धपकन बसली. मी तिला उरलेली रोटी दिली. ती खाऊ लागली, भुकेल्या पोरासारखी.

"मावशी तिथे रडली," ती थोड्या वेळानं म्हणाली. "मला म्हणाली, नीट बघून ठेव, मी पुन्हा येणार नाही. मी बघितलं. पण मी काय करू बघून? मला तर साधी ताटलीसुद्धा करता येत नाही. तुला सांगते, वरून खाली येताना मला रडूच यायला लागलं. चुकीच्या माणसाला चावी दिल्यासारखं."

मी पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.

तिनं गाडीकडे बघितलं. मावशींची मान तशीच कललेली. ताई माझ्याकडे सरकली, तिचा आवाज खाली गेला.

"ऐक. मी सांगते तुला. कुणाला कळणार आहे? इथून ती वाट आहे ना, तिनं पुढे गेलं की..."

"ताई, नको."

"अगं, सोपं आहे. तू स्वतः येशील, हवी तेव्हा घेशील. सहा तास गाडी चालवून मी कशाला..."

"म्हणूनच नको."

ती थांबली. मला ते असं म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं. दोन वर्षं मी त्या एका जागेसाठी टाच लावून माती तिंबली होती, आणि आता ती जागा कुणीतरी माझ्या कानात ठेवत होतं. मी ऐकली असती तर काय झालं असतं, ते मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं. मी एकटी इथे आले असते. एकटी खणलं असतं, एकटी भरलं असतं, एकटी घरी गेले असते. मावशी किती दिवसांच्या? डेलमर वीस दिवस तिकडे. आणि आर्लेटाताईला या बाजूला यायचं कारणच उरलं नसतं.

"मला नको सांगूस," मी म्हणाले. "तू येत जा. तू खण, मी इथे थांबेन. घरी नेऊन बाकी सगळं मी करेन."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मग उत्तरेकडे बघितलं, जिकडे मी तीन तास बघत होते, आणि तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं असावं. तिनं हात पुढे केले. मी कातेरीला तिच्याकडे दिलं. पोर जागी झाली, ताईच्या भुवईतली माती बोटानं टिपली आणि तोंडात घातली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं तोंड वाकडं केलं, पण थुंकली नाही.

"कडू आहे ना?" ताई तिला म्हणाली, त्यांच्या भाषेत नव्हे, मला कळेल अशा भाषेत.

मग तिनं मागच्या पोत्यांकडे मान वळवली. "एवढी किती दिवस पुरते गं?"

चार पोती आणि दोन बादल्या. मावशींचा हात आता मंद, माझा अजून कच्चा. दोन वर्षं सहज पुरली असती, अडीचसुद्धा.

"वसंतापर्यंत," मी म्हणाले. "फार तर ईस्टरपर्यंत."